चालकाची रिकामी जागा

कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशिम
१४ जून २०२४

मा. संपादक, चित्रकथा साप्ताहिक ‘सातवा ग्रह’, पुणे

सप्रेम नमस्कार.

मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात मदतनीस आहे. तुमचा अडतिसावा अंक काल टपालाने आला. ‘अंकाची झडती’ या पानासाठी परीक्षण पाठवत आहे, तुमच्या नियमाप्रमाणे हाताने लिहून. छापलं नाही तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी मुखपृष्ठ. ग्रहाला दोन सूर्य दाखवले आहेत आणि खाली उभ्या प्रत्येक माणसाची सावली एकच. वाचक एवढं बघतो.

‘कॅप्टन अथांग’चा हा नववा भाग. प्राणवायू संपण्याची ही चौथी वेळ, आणि चौथ्यांदा आसनाखाली टाकी सापडली. आता कॅप्टनला कोणी वाचवू नये असं वाटायला लागलं आहे. ‘मेंदूची दुरुस्ती’ मात्र चारच पानांत मनात राहते. म्हातारा दुकानातून मेंदू परत घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात दुसऱ्याच कुणाच्या बायकोच्या आठवणी असतात. फक्त शेवटच्या चौकटीतला संवादाचा फुगा नको होता. चित्राने सांगितलेलं शब्दांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या कथेत सुंदर चित्रं आहेत, कथा नाही, म्हणून ती सोडते. आणि एक तक्रार नेहमीचीच: कोणत्याही ग्रहावरचा माणूस तुमच्याकडे पुण्याच्याच मराठीत का बोलतो?

आता ‘तोडणी’. कथा आणि चित्रं राजपाल. हे नाव तुमच्या अंकात मी पहिल्यांदा पाहिलं. काचेसारख्या उंच धाटांचा ग्रह, दुसऱ्या ग्रहावरून यानात भरून आणलेली माणसं, ती धाटं तोडतात, मोळ्या बांधतात, भरवाहक गाडीत चढवतात. एक मजूर गाडी मागे येताना तिच्याखाली सापडतो. मुकादम वहीत त्याच्या नावापुढे ‘पळाला’ असं लिहितो आणि दुसऱ्या दिवशी तोडणी चालू होते. या कथेत कोणी भाषण देत नाही, कोणी रडत नाही. तीन वर्षांत तुमच्या साप्ताहिकात आलेली ही सगळ्यात खरी गोष्ट आहे.

पण तिच्यात एक मोठी चूक आहे. गाडी आपोआप चालते असं एका ओळीत लिहिलंय. मग गाडीला चालकाची जागा कशाला? पाचव्या, सातव्या आणि दहाव्या पानावर ती जागा स्पष्ट आहे. तिच्यावर घडी घातलेलं पोतं टाकलंय, पायरी झिजलेली आहे. रोज कोणीतरी तिथं चढतं. मग तो माणूस कुठं आहे? चित्रकाराने जागा काढली आणि माणूस काढला नाही. त्यामुळे कथेत एक भोक राहिलंय.

इथपर्यंत छापावं. पुढचं छापू नका, चित्रकाराला द्या.

त्या मजुराच्या बोलण्याआधी तुम्ही फुग्यात शीळ घातल्याची खूण काढली आहे. ‘प’पासून सुरू होणाऱ्या शब्दाआधीच काढली आहे, दुसरीकडे नाही. असा माणूस तुम्ही कुठं पाहिला?

आपली,
अंजू लखीराम राठोड

*

पुणे
२८ जून २०२४

सौ./कु. अंजू राठोड यांस,

संपादकांनी तुमचं पत्र माझ्याकडे दिलं. तुमच्याइतक्या बारकाईने माझी पानं आजवर कोणी पाहिली नव्हती. आभार मानतो.

गाडी स्वयंचलितच आहे. जागा जुन्या बनावटीची, म्हणून तशीच राहिलेली. हे कथेत सांगायचं राहून गेलं, ती माझी चूक. शिळेचं म्हणाल तर ती मला सुचली. अडखळणारी माणसं सगळीकडे असतात. त्यात कुणा एकाला शोधू नये.

तुमचं परीक्षण चाळिसाव्या अंकात येतंय. चालकाबद्दलचा परिच्छेद मात्र जागेअभावी काढावा लागला.

मी मूळचा तुमच्याच जिल्ह्यातला, अनसिंगजवळच्या तांड्यावरचा. ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर नावं आणि मोर रंगवायचो. तेवढीच माझी चित्रकलेची शाळा. कामरगावात कोणी आमचा अंक वाचतं हे कळून बरं वाटलं.

आपला,
राजपाल

*

कामरगाव
६ जुलै २०२४

राजपालभाऊ,

तुमी आपल्याकडचेच निघाले, तं मी आपल्याच बोलीत लिहिते.

रविकांत माहा धाकटा भाऊ. ‘प’वर अडे. पाणी, पाय, पोळी, कोणताच शब्द निघे नाई. शाळेत पोरं हसत, म्हणून त्यानं स्वतःच उपाय काढला. आधी बारीक शीळ घाले अन् त्या शिळेच्या मागं शब्द सोडे. शीळ घालताना डावा खांदा वर जाये. तुमच्या बारा पानांत तो खांदा अकरा चौकटीत वर आहे. मी मोजल्या. हे सुचत नसते भाऊ. हे पाहा लागते.

धनजजवळ आमचा तांडा आहे. २०२१च्या दिवाळीनंतर तो गोविंदसिंगकाकाच्या टोळीत ऊस तोडाले गेला. काका आमच्याच तांड्यावरचा, मुकादम. मार्चमध्ये टोळी वापस आली, रवी नाई आला. काका म्हणे, “पळाला. पोरगी होती कोणीतरी.” तुमच्या कथेतल्या वहीत हाच शब्द आहे.

तेव्हापासून सहा महिन्यांतून एकदा काका घरी येते अन् याडीले सांगते, तुमच्या पोराले कोणीतरी सुरतले पाह्यलं. मागल्या खेपेस हैद्राबाद होतं. याडी त्या दिवशी दोन घास जास्त जेवते. फोन वाजला की हातातलं टाकून उठते, म्हणून मी तुमचा नंबर मागत नाई. घरात फोन एकच अन् तो मोठ्या भावाजवळ, धनराजभाऊजवळ असते. तुमी वाचनालयाच्या पत्त्यावर लिहा.

तुमच्या कथेत माणूस मरते. कथेत मरू द्या, ती कथा आहे. मले एवढंच सांगा, तुमी रवीले कुठं पाह्यलं? तो तुमच्यासंगं पुण्यात होता का? त्यानं सांगू नको म्हटलं असंन, तं मी याडीशिवाय कोणाले नाई सांगणार.

अंजू

*

कामरगाव
२ सप्टेंबर २०२४

राजपालभाऊ,

दोन महिने झाले. चाळिसावा अंक आला, त्यात माहं परीक्षण आहे अन् तुमचं पत्र नाई. ज्या परिच्छेदासाठी जागा नव्हती म्हणता, त्याच्याच जागेवर दंतमंजनाची जाहिरात आहे.

मागल्या आठवड्यात मी अडतिसावा अंक घेऊन चौकीवर गेली. तिथल्या हवालदारानं पानं चाळली. “हे कोणत्या ग्रहावर घडलं?” म्हणे. बाजूचा हसला. मी म्हटलं, माहा भाऊ अडीच वर्षांपासून घरी नाई. तो म्हणे, “सज्ञान आहे, स्वतःहून गेला असं मुकादम सांगते. आमी काय कराव?” अंक वापस देताना मात्र त्यानं शेवटलं पान पुन्हा एकदा उघडून पाह्यलं.

त्याच दिवशी संध्याकाळी काका आमच्या अंगणात येऊन बसला. चहा घेतला. याडीले म्हणे, “भाभी, पोरीले चित्राची पुस्तकं वाचून येड लागलं. तिले वाचनालयातून काढा अन् लग्नाचं पाहा.” मंग माह्याकडे पाहून म्हणे, “कोण काढते बाई ते चित्रं?”

मी तुमचं नाव सांगतलं नाई. पण अंकावर छापलेलं आहे, अन् काकाचा पोरगा वाचाले येते.

आता धनराजभाऊ माह्याशी बोलत नाई. तो अन् त्याची बायको निता यंदा काकाच्याच टोळीत चालले. दिवाळी झाली की गाडी निघंन. काकानं त्याले रवीचंच काम देलं आहे, ट्रॉलीमागं उभं राहून गाडी मागं घ्यायला लावाचं. “तुह्या भावाची जागा आहे, तूच सांभाळ,” असं म्हणे काका त्याले.

हे मी तुमाले काहून सांगून राह्यली, मलेच माहीत नाई. तुमच्याशिवाय हे ऐकणारं कोणी नाई, म्हणून असंन.

अंजू

*

पुणे
९ ऑक्टोबर २०२४

अंजूताई,

तुमचं दुसरं पत्र मी महिनाभर खिशात घेऊन फिरलो. धनराजभाऊ ट्रॉलीमागं उभा राहणार हे वाचलं, तेव्हापासून मले हातात ब्रश धरता येत नाई.

गाडीले चालक होता. मी होतो.

मी त्या सालात गोविंदसिंगच्या टोळीत ट्रॅक्टरवर होतो. रवी अन् मी एकाच कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहत होतो. सोबत जेवत होतो. मी रंगवलेल्या ट्रॉल्यांवरच्या मोराले तो कोंबडी म्हणे.

१९ जानेवारी २०२२, बुधवार, सकाळचे अकरा. फडाले आदल्या दिवशी पाणी देलं होतं, जमीन ओली. भरली ट्रॉली रुतन म्हणून काका घाई करत होता. बाकीची टोळी पलीकडच्या फडात. इकडं आमी तिघंच, ट्रॅक्टरवर मी, मागं रवी, अन् बांधावर काका.

ट्रॅक्टरच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाई. म्हणून रवीनं अन् मी सुरुवातीलेच ठरवलं होतं, शीळ ऐकू आली की गाडी मागं घ्यायची. तो शीळ चांगली घाले, म्हणूनच काकानं त्याले ते काम देलं होतं.

त्या दिवशी शीळ आली. मी मागं घेतलं. पुन्हा आली. पुन्हा मागं घेतलं. मंग काकाचा हात दिसला, थांब म्हणून.

त्याचा पाय पाण्याच्या चारीतल्या गाळात फसला होता. तो मले ‘पाय’ म्हणत होता, ताई. शब्द निघत नव्हता.

काही कळाच्या आत सगळं संपलं होतं.

मी दवाखान्यात नेऊ म्हटलं. काका म्हणे, “कोणाले नेतं आता? तुह्याजवळ लायसन नाई. जनम जेलात जाशीन. माही टोळी बंद पडंन, पन्नास माणसं उपाशी वापस जातीन.” दिवस मावळाच्या आत आमी दोघांनी कालव्याच्या बाजूले, बाभळीखाली, खड्डा केला. संध्याकाळी काकानं टोळीत सांगतलं, पोरगा पळाला. मी मान डोलावली. लोकांनी मानलं, कारण मी त्याचा दोस्त होतो.

आठ दिवसांनी मी पुण्याले निघून आलो. काम पाह्यलं, छपाईत लागलो, मंग चित्रं काढाले लागलो. ही गोष्ट कोणाले सांगाची हिंमत नव्हती. दुसऱ्या ग्रहावर नेली, तेव्हाच हातातून उतरली. तिथंही मी स्वतःले काढू शकलो नाई. जागा काढली, पोतं काढलं, पायरी काढली. बारा पानं झाल्यावर वाटलं, आता सुटलो. मंग तुमचं परीक्षण आलं.

तुमी म्हणसान ते मी करीन.

राजपाल

*

कामरगाव
२० ऑक्टोबर २०२४

राजपाल,

तुमचं पत्र मी तीन दिवस वाचनालयाच्या टेबलात ठेवलं. रोज उघडे, रोज ‘पाय’पर्यंत वाचे अन् बंद करे. चौथ्या दिवशी पूर्ण वाचलं.

मंग धनराजभाऊले वाचून दाखवलं. तो गोठ्यात होता. ऐकून झाल्यावर त्यानं बैलाचा दोर सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. “म्हणजे तो मले त्याच जागेवर उभा करून राह्यला होता,” एवढंच म्हणे. संध्याकाळी त्यानं काकाच्या दारात जाऊन सांगतलं, मी येत नाई. कारण सांगतलं नाई. मीच सांगू नको म्हटलं होतं.

याडीले अजून काहीच माहीत नाई.

तुमी माफी मागतली नाई हे बरं केलं. माह्याजवळ ती नाई. तुमी रवीचे दोस्त होते, हे मले वाचवत नाई.

म्हणसान ते करीन असं लिहिलं आहे तुमी. मंग ऐका. आता चित्र नको, सही पायजे. टोळी १५ नोव्हेंबरले निघते. त्याच्या आत तिथल्या पोलिस ठाण्यात जा, जिथं फड आहे तिथल्या. तिथं हे सगळं सांगा, तारखेसकट, बाभळीसकट, तुमच्यासकट. तुमी नाई गेले, तं मी हे पत्र घेऊन जाईन. पण तुमी गेले तं काका खोटं म्हणू शकत नाई. मी गेली तं ते पुन्हा इचारतीन, कोणत्या ग्रहावर.

अंजू

*

कामरगाव
५ डिसेंबर २०२४

राजपाल,

हे पत्र जेलच्या पत्त्यावर पाठवते. तिथं उघडून वाचतात म्हणे, वाचू द्या.

तुमी ठाण्यात हजर झाले अन् पोलिसांनी तुमाले कालव्यावर आणलं, त्या दिवशी मी तुमाले पहिल्यांदा पाह्यलं. मी धनराजभाऊच्या बाजूले, पांढऱ्या ओढणीत होती. तुमी पोलिसाले बाभूळ दाखवली अन् मंग शेवटपर्यंत मान वर केली नाई. मले वाटलं होतं तुमी उंच असान.

तुमी गेल्यावर काय निघालं ते तुमाले सांगाले पायजे. दीड हात खोल, कंबरेचा पट्टा आधी दिसला. मंग बाकीचं. सरकारी डॉक्टरनं सगळं कापडावर मांडलं अन् एक एक हाड पाहून लिहून घेतलं. डाव्या पायाची नळी दोन ठिकाणी तुटलेली. धनराजभाऊ अर्ध्यातून उठून गेला. मी पूर्ण पाह्यलं. घरातल्या एकानं तरी पाहाले पायजे होतं.

काकाले त्याच आठवड्यात नेलं. तांड्यात दोन भाग झाले आहेत. काही म्हणतात, मेला तो मेला, जित्यांची मजुरी काहून बुडवली. टोळी गेलीच नाई यंदा. नळावर बाया माह्याशी बोलत नाईत.

नमुने तपासून आले, मंग आमाले तो मिळाला. आमच्याच वावरात माती देली.

याडीले मी कालव्यावर जायच्या आदल्या दिवशी सांगतलं. ती रडली नाई. “मंग सुरतले कोण होतं?” असं इचारलं. मी म्हटलं, कोणीच नव्हतं याडी. ती दिवसभर उखळाजवळ बसून राह्यली. तेव्हापासून नीट जेवत नाई. फोन वाजला तं उठत नाई आता. ते पाहणं जास्त कठीण आहे.

काल तिनं तोंड उघडलं. म्हणे, “त्या पोराले चिठ्ठी लिही. त्याले इचार, माह्या रवीचं डोकं कशावर होतं?”

मले आधी समजलं नाई. ती म्हणे, “जीव गेला तेव्हा. डोक्याखाली काय होतं? खाली जमीन होती का कोणी काही देलं होतं?”

तिले दुसरं काहीच इचाराचं नाई. जे होतं तेच लिहा. तुमी एकदा जागा रिकामी सोडली, आता सोडू नका.

अंजू

*

जिल्हा कारागृह
१९ डिसेंबर २०२४

अंजूताई,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. काही कळाच्या आत संपलं असं लिहिलं. पोलिसालेही तेच सांगतलं होतं. तुमचं पत्र आल्यावर इथल्या साहेबाले सांगून बयान दुरुस्त केलं.

तो लगेच नाई गेला. वीस मिनिटं असतीन, जास्तही असतीन. शुद्धीवर होता. काकानं त्याले ओढून बाजूले घेतलं, उसाचं वाळलं पाचट पडलं होतं त्यावर निजवलं. डोकं पाचटावर होतं. डोक्याखाली कोणी काही देलं नाई. माह्या जागेवर पोतं होतं, घडी घातलेलं. ते द्याचं मले सुचलं नाई.

मी जवळ गेलो नाई, ताई. ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन उभा राह्यलो, तिकडं पाठ करून. तो मले हाक मारत होता. ‘राज’ म्हणे मले. तीनदा म्हणाला, मंग थोड्या वेळानं आणखी एकदा. मी वळलो नाई. काकानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा वळलो.

दवाखाना सहा किलोमीटर होता.

याडीले सांगा, जसं होतं तसं लिहिलं.

राजपाल

*

कामरगाव
२ जानेवारी २०२५

राजपाल,

तुमचं पत्र परवा आलं, वाचनालय बंद म्हणून पोस्टमन घरीच घेऊन आला. याडीनं पोस्टमनले पाह्यलं होतं, त्यामुळे नंतर वाचते म्हणता आलं नाई. ती चुलीजवळ बसली, मी उंबऱ्यावर. तिले वाचता येत नाई.

तुमी खरं लिहिलं, ते कोर्टासाठी ठेवा. तिथं एक अक्षर बदलू नका. वकिलानं काही म्हटलं तरी नाई. मी तिथं समोर बसलेली असंन.

तिले मी असं वाचून दाखवलं: ‘डोकं माह्या मांडीवर होतं. मी त्याचा हात धरून होतो. त्यानं मले हाक मारली अन् मी ओ देली. पाणी पाजलं.’

तिनं दोनदा वाचाले लावलं. दुसऱ्या वेळेस मी तेच शब्द त्याच क्रमानं म्हटले, चुकली नाई. मंग तिनं कागद हातात घेतला, जिथं मी बोट ठेवलं होतं तिथं पाह्यलं अन् वापस देला. म्हणे, “पोरगं चांगल्या घरचं दिसते.” मंग एक भाकर खाल्ली, पूर्ण.

सुटून आल्यावर ती तुमाले भेटाले बोलावंन. तुमी यासान. तिच्यासमोर बसून हेच सांगसान, मांडी, हात, पाणी. माह्याकडे पाहाचं नाई.

त्याच्याआधी पत्र लिहू नका.

अंजू